जनगणना म्हणजे काय, ती कधीपासून होते आणि आपल्या दारात काय विचारतात: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करवीर तालुक्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांना प्रगणक म्हणून दारोदार हिंडलो. आता निवृत्त आहे. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसलो की नव्या जनगणनेबद्दल कोणी ना कोणी विचारतंच. पुढचे प्रश्न बहुतेक तिथलेच आहेत.

जनगणना म्हणजे नुसती डोकी मोजायची की आणखी काही?

डोकी तर मोजायचीच, पण एका ठरलेल्या क्षणाची. २०११ साली तो क्षण १ मार्चच्या रात्री बाराचा होता, म्हणजे २८ फेब्रुवारी संपतानाचा. सीपीआर रुग्णालयात एखादं बाळ पावणेबाराला जन्मलं तर ते मोजणीत आलं. सव्वाबाराला जन्मलं तर त्याचा नंबर पुढच्या जनगणनेत. आम्ही ९ ते २८ फेब्रुवारी घरं फिरलो आणि १ ते ५ मार्चला पुन्हा त्याच दारांत गेलो. मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का, कोणी गेलं का, एवढंच विचारायला. एका घरी आठ दिवसांपूर्वी आजोबांची माहिती खुद्द त्यांनीच सांगितली होती. दुसऱ्यांदा गेलो तर दारात टोप्या घातलेली माणसं बसलेली. तक्त्यातली ती ओळ खोडताना माझा हात थांबला होता.

मोजणीच्या तीन अटी आहेत. ती सगळ्यांची होते, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होते आणि ती ठरावीक काळाने पुन्हा होते. मतदारयादीत अठराच्या आतलं कोणी नसतं. रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. नमुना पाहणीत हजारातली चार घरं गाठतात. जनगणनेत तान्हं मूल आणि नव्वदीची आजी, दोघांना एकेक ओळ.

शिरगणती आणि खानेसुमारी हे शब्द कुठून आले?

शिरगणती म्हणजे शिरं मोजणं, सरळ आहे. खानेसुमारी फारसीतून आलेला. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. पूर्वीच्या राजवटींना आधी घर हवं असे, कारण पट्टी घरावर बसायची. माणूस नंतर. आजही पहिल्या फेरीत घरंच मोजतात, तिला घरयादी म्हणतात. दारावर गेरूने किंवा खडूने लिहिलेला तो आकडा दोन दिवाळ्या गेल्या तरी पुसत नाही असं आमच्या पेठेत म्हणायचे.

जगात हे कधी सुरू झालं?

फार जुनं आहे. रोममध्ये साधारण दर पाच वर्षांनी नागरिकांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंद व्हायची. ते काम ज्या अधिकाऱ्याकडे, तो सेन्सॉर. ‘सेन्सस’ आणि सिनेमा कापणारा सेन्सॉर, दोघांचं घराणं एकच. चीनमध्ये हान राजवटीत इसवी सन २ मध्ये झालेल्या मोजणीत सहा कोटींच्या आसपास माणसं भरली. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘गोप’ नावाचा अधिकारी आहे. शहरातल्या दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक. माणसं किती, जात कोणती, धंदा काय, मिळकत-खर्च किती, हे सगळं त्याने टिपायचं. आमच्याकडे दीडशे घरं होती. कौटिल्याचा गोप सुखी म्हणायचा.

या सगळ्या मोजण्यांमागचा हेतू कर आणि सैन्य हाच होता. म्हणूनच लोकांच्या मनात मोजणीबद्दल धास्ती आहे. ‘माणसं मोजू नयेत, दृष्ट लागते’ असं माझी आजी म्हणायची. पंगतीत पानं मोजायची, माणसं नाही. मोजणीवरून प्रतिनिधी ठरवायचे, ही वाट अमेरिकेने धरली. तिथे राज्यघटनेतच दर दहा वर्षांनी गणना लिहिली आणि पहिली १७९० साली केली. ब्रिटनने १८०१ साली सुरुवात केली.

भारतातली पहिली जनगणना १८७२ ची की १८८१ ची?

परीक्षेत दोन्ही विचारतात आणि पोरं हमखास गोंधळतात. १८७२ च्या सुमाराला झालेली मोजणी सगळीकडे एकाच वेळी झाली नाही. देशभर एकाच रात्रीची पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ ला झाली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी, एकदाही खंड न पडता, २०११ पर्यंत. १८७२ धरून २०११ ची पंधरावी.

१९३१ पर्यंत पद्धत एका रात्रीची होती. आधी काही दिवस माहिती भरून ठेवायची आणि ठरल्या रात्री प्रगणकाने कंदील घेऊन दारोदार जाऊन ती पक्की करायची. जो जिथे झोपला, तो तिथला. त्यासाठी शक्यतो चांदण्या रात्री निवडत, आणि त्या दिवशी मोठी जत्रा किंवा लग्नाचा मुहूर्त नाही ना हेही बघत. हे कोल्हापूरकराला लगेच कळतं. चैत्री पौर्णिमेला ती रात्र धरली असती, तर जोतिबाच्या डोंगरावरची वाडी रत्नागिरी एका रात्रीत मोठं शहर झाली असती आणि दख्खनची निम्मी गावं ओस पडली असती.

१९३१ च्या मोजणीवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता, तरी ती झाली. १९४१ ला महायुद्ध होतं, मोजणी झाली पण तक्ते पुरे झाले नाहीत. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. २५ कोटी २० लाखांवरून २५ कोटी १० लाखांच्या आसपास आली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ त्याला मुख्य कारण. साथीत किती गेले याच्या गोष्टी घरोघर होत्या. पण अख्ख्या देशाचा आकडाच मागे सरकला, हे मोजलं म्हणून समजलं.

कोल्हापूर संस्थानाची शिरगणती वेगळी व्हायची का?

मोजणी इंग्रज सरकारच्या वेळापत्रकानेच व्हायची, संस्थानाचा आकडा मात्र वेगळा मांडला जायचा. १९०१ साली कोल्हापूर संस्थानात ९,१०,०११ माणसं होती, त्यातली ५४,३७३ कोल्हापूर शहरात. २०११ ला जिल्हा ३८,७६,००१ वर आणि महापालिका हद्दीतलं शहर ५,४९,२३६ वर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘एवढ्या पटीने वाढलो’ असं म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा. संस्थान म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. रायबाग संस्थानात होतं, ते आज कर्नाटकात आहे. चंदगड इंग्रजी मुलखातल्या बेळगाव जिल्ह्यात होतं, ते आज आपलं आहे. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. तारीख जनगणनेचीच, पण तो योगायोग.

भावाभावांचा एकच वाडा आहे. आमचं कुटुंब एक धरणार की दोन?

चूल एक की दोन, तेवढं सांगा. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी, एरवी एकत्र राहणारी माणसं. सातबारा एक असो, वीजमीटर एक असो, चूल वेगळी की कुटुंब वेगळं.

सगळ्यात जास्त रुसवेफुगवे मी या प्रश्नावर पाहिलेत. शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात थोरले म्हणाले, ‘लिहा गुरुजी, चौदा माणसं, एकच कुटुंब.’ मागच्या सोप्यातून धाकट्या जाऊबाई बाहेर आल्या. हातात उलथनं. काही बोलल्या नाहीत. मी दोन अर्ज काढले. थोरल्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

वसतिगृह, आश्रम, तुरुंग हे ‘संस्थात्मक कुटुंब’. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं. फेब्रुवारीत तिथे मुक्कामाला असलेला भुदरगडचा मुलगा बोर्डिंगातच मोजला जातो, गावाकडच्या आईने कितीही आग्रहाने त्याचं नाव सांगितलं तरी.

बीडकडून ऊसतोडीला आलेली माणसं कुठली धरायची?

फेब्रुवारीत गळीत हंगाम जोरात असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे खराच पडतो. मोजणीचे सगळे दिवस जो गावाबाहेर आहे, त्याला गावी मोजायचं नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहिलेली टोळी कोल्हापूर जिल्ह्यात. मागचा मुक्काम कुठला, का आलात, कधी आलात, हे वेगळ्या रकान्यांत जातं.

नियम सोपा, गाठणं कठीण. टोळी पहाटे चारला फडावर जाते. मी तीनदा गेलो, कोप्यांत दोन म्हाताऱ्या आणि तान्ही पोरंच. चौथ्यांदा रात्री साडेआठला गेलो, तेव्हा भाकऱ्या चालल्या होत्या. मुकादम म्हणाला, ‘सगळ्यांचं मी सांगतो.’ त्याला कोयते किती ते पाठ होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोरं त्याच्या हिशेबात नव्हती. मग एकेका कोपीसमोर बसून विचारावं लागलं.

आमच्या आजीला जन्मतारीख माहीत नाही. काय सांगायचं?

आठवेल ते सांगा. दाखला कोणी मागत नाही.

देशाच्या जुन्या तक्त्यांत एक गंमत दिसते. वयांची गर्दी शून्यावर आणि पाचवर असते. ४० वर्षांची माणसं ढीगभर, ४१ ची मोजकी. लोक खोटं बोलत नाहीत, अंदाजाने गोल आकडा सांगतात. म्हणून प्रगणकाने माहितीतल्या घटनांचा आधार घ्यायचा असतो. आपल्या भागात कोयनेच्या भूकंपाइतकी खात्रीची खूण दुसरी नाही, ११ डिसेंबर १९६७. ‘भूकंपाला मी न्हाणीला बसलेले’ म्हटलं की हिशेब लागला. ‘थोरला तवा पाळण्यात हुता’ म्हटलं की दोघांचा लागला. त्यानंतर ७२ चा दुष्काळ. पुढच्या पिढीची खूण २००५ चा आणि २०१९ चा पूर असेल.

घरची बाई ‘काही करत नाही’ असं लिहायचं ना?

नाही. या प्रश्नावर मला थोडं रागानेच बोलावं लागतं.

शिरोळ तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या गावी मी असाच एका प्रगणकाबरोबर बसलो होतो. मालकांनी स्वतःचं ‘शेती’ सांगितलं. बायकोचं? ‘ती घरीच असते.’ मामी तेव्हा गोठ्यातून किटली घेऊन येत होत्या. पहाटे चार म्हशींच्या धारा, दोन वेळा डेअरीला दूध, वैरण, शेण, वर भांगलण. प्रगणक पेन टेकवून ‘बिगरकामकरी’ लिहिणार, एवढ्यात मी म्हटलं, ‘मामी, डेअरीचं बिल कुणाच्या नावावर येतं?’ त्या म्हणाल्या, ‘माझ्याच की.’

काम म्हणजे पगार नव्हे. २००१ पासून घरच्या खाण्यापुरतं दूध काढणंसुद्धा काम धरलं जातं. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामकरी, कमी असेल तर सीमांतिक. उत्तर देणारा बहुधा पुरुष असतो, विचारणाराही पुष्कळदा पुरुष असतो, आणि मधल्या मध्ये ती किटली तक्त्याबाहेर राहते. माझं सांगणं एवढंच, की घरच्या बाईला तिचं तिला सांगू द्या.

नवऱ्याचं नाव घेत नाही असं कोणी म्हटलं तर?

कायद्यात त्याची सोय आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं बंधनकारक आहे. पण त्याच कलमात सूट आहे, की रूढीनुसार जे नाव घ्यायचं नाही ते, म्हणजे नवऱ्याचं किंवा मयत नवऱ्याचंही, सांगायची बाईवर सक्ती नाही. आणि घरातल्या बाईचं नाव सांगायची घरातल्या कोणावरही सक्ती नाही.

एका आजींना विचारलं तर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट. फोटोखाली नाव नव्हतं. मग म्हणाल्या, ‘रेशनकार्डावर हाय की, वाचा की.’ शेजारची सून म्हणाली, ‘आत्या, उखाण्यात घ्या.’ घेतलं, लाजत, ऐंशीव्या वर्षी.

ही माहिती आयकराला, पोलिसांना किंवा भावकीला मिळते का?

मिळत नाही. त्याच कायद्याच्या कलम १५ नुसार तुमच्या अर्जाची पाहणी कोणालाही करता येत नाही आणि दिवाणी दाव्यात तो पुरावा म्हणून चालत नाही. चुलत्याने ‘जनगणनेत तू स्वतः एकच कुटुंब सांगितलं होतंस’ असं कोर्टात म्हणून उपयोग नाही. प्रगणकाने माहिती फोडली तर त्यालाच शिक्षा. बाहेर येतात ते फक्त बेरजेचे आकडे. बँक खात्याचा नंबर किंवा पिन विचारणारा कोणी आला तर तो प्रगणक नव्हे, दार लावा.

जातीची मोजणी पहिल्यांदाच होणार का?

नाही, इंग्रजी अमदानीत व्हायची. कोल्हापूरचं जुनं गॅझेटिअर १८८६ साली छापलं, त्यात १८८१ च्या शिरगणतीचे जातवार आकडे आहेत. सगळ्या जातींचे आकडे छापलेली शेवटची मोजणी १९३१ ची. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती. मंडल आयोगाने मागासवर्गीयांचं प्रमाण ५२ टक्के धरलं, तेही १९३१ वरून हिशेब करून. २०११ साली सामाजिक-आर्थिक पाहणी निराळी झाली, तिच्यातले जातीचे आकडे जाहीर झाले नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातगणना घ्यायचं ठरवलं.

ज्या गावातून २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागांचा हुकूम निघाला, तिथे या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे भेटणारच. प्रगणकाचा नियम एवढाच, की घरमालक सांगेल ते लिहायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही. धर्माचंही तसंच. जैन मंडळी ‘धर्माच्या रकान्यात जैनच सांगा’ असा प्रचार करतात, तो याचसाठी.

मातृभाषा विचारून काय मिळतं?

चंदगड मिळालं, हे सोपं उत्तर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला, पण मराठीबहुल चंदगड तालुका वगळून, आणि तो कोल्हापूरला जोडला. भाषेचे तालुकावार आकडे शिरगणतीतूनच आले होते. बेळगावचं दुखणं त्याच आकड्यांच्या वेगवेगळ्या वाचनातून अजून चालू आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

२०११ ला देशात लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं १९,५६९ भरली. छाननी करून ती १,३६९ वर आणली. मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख, हिंदी आणि बंगालीनंतर तिसऱ्या क्रमांकावर.

आकडे आल्याने प्रत्यक्षात काही बदलतं?

आपल्याच जिल्ह्याचं बघा. २००१ ला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली निघाल्या. सधन जिल्हा, सहकार, साखर, शिक्षण, आणि हा आकडा. त्यानंतरच सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, बसवायचा प्रयोग कोल्हापुरात झाला. २०११ ला ८६३ झाल्या. समाधान मानावं असा हाही आकडा नाही.

मग २०२१ ला मोजलं नाही त्याने काय बिघडलं?

कोविडमुळे पुढे गेली आणि पुढेच जात राहिली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यातला ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्क्यांचा हिशेब २०११ च्या लोकसंख्येवर अडकला. नंतर जन्मलेल्यांसाठी कोटा वाढला नाही. महिलांना लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची घटनादुरुस्ती तर जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेलाच जोडलेली.

आणि आपली हद्दवाढ. १९७२ ला महापालिका झाली, हद्द आहे तिथेच. उचगाव, पाचगाव, कळंबा शहराला चिकटली तरी कागदावर शहराबाहेर. म्हणून साडेपाच लाख हा आकडा खऱ्या कोल्हापूरपेक्षा लहान आहे. मोजणीआधी प्रशासकीय हद्दी गोठवतात. यावेळी ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती.

नवी जनगणना कशी होणार?

मोजणीचा ठरलेला क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र, म्हणजे २८ फेब्रुवारी संपतानाची, बर्फाळ भागांत १ ऑक्टोबर २०२६. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधल्या राज्याने ठरवलेल्या ३० दिवसांत, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. कागदाऐवजी मोबाइल ॲप. स्व-गणनेची सोय आहे. स्वतः भरलं तर मिळणारा क्रमांक प्रगणकाला दाखवायचा.

तरीही माणसं सुटतातच ना?

सुटतात. नंतरच्या फेरतपासणीत २०११ ची निव्वळ गळती हजारी २३ निघाली. गगनबावडा-शाहूवाडीकडच्या एखाद्या धनगरवाड्यावर चढून जाण्यापेक्षा खाली टपरीवर बसून माहिती घेणारे असतात. एक मला माहीत होता. त्याच्या तक्त्यातलं एकही कुत्रं भुंकलं नसणार.

ज्यांना घरच नाही त्यांचं काय?

त्यांची मोजणी शेवटच्या एकाच रात्री, म्हणजे २८ फेब्रुवारीला, कारण ती माणसं उद्या कुठे असतील सांगता येत नाही. २०११ ला आम्ही दोघे एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन आणि तिथून पंचगंगा घाट असे फिरलो. अकरा वाजून गेले होते. घाटावरच्या देवळाच्या ओट्यावर एक जण पोत्यावर झोपला होता. उठवलं. नाव सांगितलं, ते पहिलंच नाव, बापाचं नाही. गाव सांगितलं, ते नदीपल्याडचं कुठलंसं. शिकलाय का? मान हलवली. लग्न? हसला. वय विचारलं तर आमच्याकडेच बघत राहिला. माझा सोबती म्हणाला, ‘भूकंप आठवतो का?’ त्याने पोतं डोक्यावर ओढून घेतलं. मी बॅटरी धरली आणि सोबत्याने अंदाजाने लिहिलं, ४०.